दारू आणि व्यसनाच्या सायन्समधली समर इंटर्नशिप: ठाणे-नवी मुंबईच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी ठाण्याची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतर एक उन्हाळा हॉस्पिटलच्या व्यसनमुक्ती विभागात काढला आणि तिसऱ्या वर्षानंतर एक लॅबमध्ये. जे केलं आणि जिथे तोंडावर आपटले तेच लिहितेय.

या इंटर्नशिपमध्ये नक्की करायचं काय असतं? व्यसनमुक्तीचा प्रचार?

नाही! हा गैरसमज पहिला काढा. पोस्टर, पथनाट्य, "दारू सोडा संसार जोडा" हे सगळं आपापल्या जागी ठीक आहे पण ते रिसर्च नाही. रिसर्च म्हणजे मोजणं. कोण किती पितो, शरीरात दारूचं काय होतं, सोडल्यावर काय होतं, कुठला उपचार कोणाला लागू पडतो आणि कोणाला नाही. काम साधारण तीनचार प्रकारचं मिळतं. एक लॅबमधलं, म्हणजे पेशी, माश्या, उंदीर, एन्झाइम. दुसरं हॉस्पिटलमधलं, तिथे बहुतेक वेळ प्रश्नावल्या आणि केसपेपर. तिसरं वस्तीत जाऊन सर्व्हे. आणि चौथं नुसत्या डेटाचं, जे घरी पंख्याखाली बसून होतं आणि ज्याला सगळे नाक मुरडतात, पण खरं तर शिकायला तिथेच सगळ्यात जास्त मिळतं.

मी सायकॉलॉजीची / झुऑलॉजीचा / बीएमएसचा आहे, मला घेतील का?

सायकॉलॉजी, लाइफ सायन्स, बायोटेक, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सोशल वर्क, फार्मसी, नर्सिंग सगळे चालतात. हा विषय कुठल्याही एका डिपार्टमेंटचा नाही. स्टॅट्सच्या मुलांनी तर बिनधास्त अप्लाय करा, डॉक्टरांना तुमची फार गरज असते, फक्त तसं ते बोलून दाखवत नाहीत. बीएमएसवाल्यांनो, तुम्हाला जरा जास्त पटवावं लागेल, पण एक्सेल नीट येत असेल तर दार उघडतं.

एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारी संस्था) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, १९७९ पासून चालू आहे, त्यात आपल्याच कॉलेजचा गाइड धरून छोटा प्रोजेक्ट करायचा असतो. बीएस्सीवाल्यांना ती नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

अप्लाय कधी करायचं?

परीक्षा संपल्यावर करू असं म्हणत असाल तर गाडी गेली. देशातल्या तीन सायन्स अकादम्या मिळून जी समर फेलोशिप देतात तिचे फॉर्म दिवाळीच्या आसपास निघतात. टीआयएफआरचा (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हिजिटिंग स्टुडंट्स प्रोग्राम, बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेची समर फेलोशिप, यांचंही काम थंडीतच आटपतं. म्हणजे उन्हाळ्याची तयारी फराळ खाताखाता करायची. हॉस्पिटल आणि संस्थांचं तसं नसतं, तिथे जानेवारी-फेब्रुवारीत मेल केला तरी चालतं, पण परवानगीची फाइल फिरायला वेळ लागतो हे धरून चाला.

आणि आपल्या युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल! परीक्षा मे महिन्यात सरकली की निम्मी इंटर्नशिप गेली. मेलमध्येच लिहून टाका की अमुक तारखेपर्यंत परीक्षा असू शकते. लपवून मग ऐनवेळी "सर आमची एटीकेटी" असं सांगण्यापेक्षा बरं.

ठाणे-नवी मुंबईच्या जवळ काय आहे?

आधी एक गोष्ट, "अल्कोहोल रिसर्च समर इंटर्नशिप" अशी पाटी लावलेली जागा शोधत बसू नका, इकडे तशी पाटी नसते, विषय वेगवेगळ्या दारांच्या मागे असतो. वाशीहून खाडीपूल ओलांडला की मानखुर्द, तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचा एनआययूएस हा पदवीच्या मुलांसाठीचा उपक्रम आहे. तिथे दारूवरच काम मिळेल असं नाही पण प्रयोग कसा रचायचा ते शिकवतात आणि पहिल्या उन्हाळ्याला तेवढं खूप झालं. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये मेंदूवर काम करणाऱ्या लॅब आहेत. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर रिसर्च सेंटर आहे. मुलं म्हणतात ते तर कॅन्सरचं, पण अल्कोहोल हे कॅन्सर करणारं द्रव्य म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूच्याच पंगतीत. म्हणजे तोंडाचा, अन्ननलिकेचा, यकृताचा कॅन्सर शिकताना दारू येतेच. फक्त कुठल्या वर्षाच्या मुलांना घेतात ते नीट वाचून मगच फॉर्म भरा.

मग मेडिकल कॉलेजं. कळवा, नेरूळ, कामोठे, तिन्हीकडे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी मानसोपचार विभाग असतो, आणि कुठल्याही मानसोपचार विभागाच्या ओपीडीत दारूचे पेशंट असतातच. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, आपण लहानपणी त्याच्या नावाने एकमेकांना चिडवायचो, तेही आता जरा थांबवूया. सरकारी ठिकाणी थेट डॉक्टरांना पकडून उपयोग नसतो, कॉलेजचं पत्र घेऊन अधीक्षकांच्या ऑफिसला जायचं, आवक-जावकवरून शिक्का मारून घ्यायचा आणि आपली कॉपी जपून ठेवायची. हा शिक्का किती कामाचा असतो ते नंतर कळतं.

आणि बाहेरगावी?

बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत व्यसनावरचं स्वतंत्र सेंटर आहे. दिल्लीच्या एम्सचं व्यसनउपचार केंद्र गाझियाबादला आहे. गोव्यात संगत ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून, पण तिथे मुख्य काम उपचाराचं आहे, रिसर्च शिकायला म्हणून जाल तर आधी फोन करून विचारा. गडचिरोलीत सर्च ही आरोग्यसंस्था आणि त्यांचं दारू-तंबाखूविरोधी मुक्तिपथ अभियान, तिथे दारूचा प्रश्न गावपातळीवर दिसतो, आणि हा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा आहे म्हणजे बंदीत नेमकं काय होतं हेही बघायला मिळतं. मात्र मे महिन्यातलं गडचिरोलीचं ऊन म्हणजे ठाण्याचं ऊन नव्हे, हे आईला आधी सांगू नका.

अमेरिकेतल्या प्रोग्रामच्या जाहिराती दिसतात, त्यांचं काय?

अमेरिकेत अल्कोहोलसाठी वेगळी सरकारी संस्था आहे, एनआयएएए, १९७० सालची, आणि ड्रग्जसाठी एनआयडीए, १९७४ ची. दोघांच्या समर इंटर्नशिप असतात, पैसेही चांगले देतात, पण त्या तिथले नागरिक नाहीतर ग्रीनकार्डवाले यांच्यासाठी. ऐरोलीत बसून तुम्ही फॉर्म भरू शकत नाही. दरवर्षी कोणीतरी चार रात्री जागून निबंध लिहितं आणि शेवटच्या पानावर नागरिकत्वाचा रकाना बघून मला रडका इमोजी पाठवतं. न्यू जर्सीला जन्मलेली मावसबहीण असेल तर तिला लिंक पाठवा. तुम्ही त्यांच्या इंटर्न्सचे प्रोजेक्ट वाचा, प्रश्न कसा छोटा करायचा ते त्यातून कळतं.

मेल कसा लिहू? मी ४० जणांना पाठवला, एकाचंही उत्तर नाही.

४० जणांना एकच मेल पाठवला म्हणून. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली पॅशनेट" वाचून प्रोफेसर लोक पुढचा मेल उघडतात. सहा जणांनाच पाठवा पण प्रत्येकाचा एक तरी पेपर वाचून. समजला नाही तरी चालेल, कुठे अडलात ते लिहा. मी लिहिलं होतं की तुमच्या पेपरमध्ये बायकांची संख्या इतकी कमी का, त्या पीत नाहीत की ओपीडीत येत नाहीत? त्या एका ओळीवर मला फोन आला. हुशारीचा प्रश्न नव्हता तो, आमच्या शेजारच्या एक काकू आठवल्या म्हणून सुचला होता. पाचसहा ओळी, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत मोकळे आहात, काय येतं, बस. दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

स्टायपेंड मिळतो का?

अकादम्या, टीआयएफआर, जेएनसीएएसआर असल्या ठिकाणी मिळतो. हॉस्पिटलमध्ये आणि छोट्या संस्थेत बहुधा नाही, चहा मिळतो. उलट तुमच्याकडेच "रजिस्ट्रेशन फी" मागून सात दिवसात ऑनलाइन सर्टिफिकेट देणारे खूप सुटलेत, त्यांच्यापासून लांब राहा. ट्रेनचा पास, जेवण धरून महिन्याचा हिशोब आधी करा, फुकट राबणं प्रत्येकाला परवडत नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरून करता येणारं डेटाचं काम मागा.

लॅबमध्ये खरंच उंदरांना दारू पाजतात?

सहसा पाजत नाहीत, ठेवतात. पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत पाणी आणि दुसरीत पातळ अल्कोहोल, आणि उंदीर कुठली किती पितो ते बाटल्यांचं वजन करून काढायचं. बाटल्यांच्या जागा सारख्या बदलायच्या, कारण काही उंदरांना डावीकडचंच आवडतं, दारूबिरू काही नाही! सी५७ नावाची काळी उंदरांची जात आपणहून भरपूर पिते आणि डीबीए नावाची जात तोंड फिरवते, दोघांना वाढवलं एकसारखं तरीही, म्हणजे यात जीन्सचा हात आहे हे तिथेच दिसतं. फळमाश्यांवरही काम होतं. २०१२ मध्ये सायन्स जर्नलमध्ये आलं होतं की मादीने नकार दिलेले नर जास्त अल्कोहोलचं खाणं निवडतात. हे ऐकून सगळे हसतात, पण प्रयोग भारी आहे, मेंदूतलं एक रसायन कमी-जास्त करून त्यांनी ही सवय बदलून दाखवली.

पदवीच्या मुलांना उंदराला हात लावायला सहसा देत नाहीत, प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि ट्रेनिंग लागतं. तुमच्या वाट्याला वजनं, पिंजऱ्यांचे व्हिडिओ आणि पिपेट.

हॉस्पिटलमध्ये पेशंटशी बोलायला मिळतं का?

मिळतं, पण एकट्याने नाही आणि पहिल्या दिवशी नाही. एथिक्स कमिटीच्या परवानगीत तुमचं नाव हवं, पेशंटची लेखी संमती हवी, आणि ती घेताना तो शुद्धीत हवा. दारू बंद केल्यावर पहिल्या दिवसातच हात थरथरायला लागतात, काहींना दोन-तीन दिवसांनी भ्रम होतात, भिंतीवर किडे दिसतात. अशा माणसासमोर फॉर्म धरून "काका इथे सही करा" म्हणणं ही संमती नव्हे. तोपर्यंत नुसतं बसायचं, बघायचं.

आणि भाषा. बेवडा, दारुडा हे शब्द गेटबाहेर ठेवून या, मस्करीत सुद्धा नको. पुस्तकात आता अल्कोहोल यूज डिसऑर्डर म्हणतात, ११ लक्षणांपैकी वर्षभरात दोन दिसली तरी ते बसतं. याचा अर्थ असा की वर्गातले, ऑफिसातले, लग्नात नाचणारे बरेच जण त्यात येतात, फक्त गटारात पडलेला माणूस नाही.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

मोजण्यात. माझीच सांगते, तपशील बदललेत. एक काका होते, रिक्षा चालवायचे. मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने ऑडिट नावाची प्रश्नावली घेऊन बसले, जागतिक आरोग्य संघटनेची, १० प्रश्न, ४० मार्क, आठ किंवा जास्त आले की काळजी करायची. काका म्हणाले रोज एक क्वार्टर, जास्त नाय. मी लिहिलं, रोज, एक ड्रिंक. संध्याकाळी सिनियर मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, क्वार्टर म्हणजे किती मिली गं? मी गप्प.

तर हिशोब असा. आपल्याकडे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. क्वार्टर १८० मिली, त्यात ७७ मिली अल्कोहोल, अल्कोहोल पाण्याहून हलकं असतं म्हणून ०.७८९ ने गुणा, आले ६१ ग्रॅम. म्हणजे सहा ड्रिंक. एक नाही, सहा! आता ऑडिटमध्ये बघा, रोज पितो याचे चार मार्क दोन्हीकडे सारखे. एरवी किती पिता या प्रश्नाला माझ्या कागदावर शून्य, खरे दोन. एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा, माझ्याकडे शून्य, खरं तर रोज, म्हणजे चार. पहिल्या तीन प्रश्नांतच काका चारवरून दहावर गेले. माझ्या कागदानुसार काका ठणठणीत होते.

म्हणून आधी ही भाषा शिका. नाइंटी म्हणजे ९० मिली, तीन ड्रिंक. लार्ज ६० मिली, दोन. खंबा ७५०. स्ट्राँग बिअरची मोठी ६५० ची बाटली आठ टक्क्यांची असेल तर चार ड्रिंक होतात, आणि लोक म्हणतात मी दारू सोडली आता फक्त बिअर घेतो. परदेशी पेपर वाचताना तर अजून गोंधळ, अमेरिकेचं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं, ब्रिटनचं युनिट आठचं. हे न बदलता आकडे शेजारी ठेवले की प्रोजेक्ट गेला खाडीत.

आधी काय वाचून ठेवू?

मेंदूतलं डोपामिनचं सर्किट, यकृतात अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड आणि त्याचं ॲसिटेट कसं होतं, एवढं बेसिक. मग सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेला २०१९ चा अहवाल, त्यात १० ते ७५ वयाच्या १४.६ टक्के लोक दारू घेतात, पुरुषांत २७.३ आणि बायकांत १.६. आता एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी उघडा, तिथे १५ च्या वरच्या पुरुषांत १८.८ टक्केच. दोन्ही देशभराचे सर्व्हे, मग इतका फरक का? कोणाला विचारलं, घरात कोण ऐकत होतं, प्रश्न कसा विचारला, मागच्या किती दिवसांचा... यावर एक पान लिहून काढलंत तर तेच तुमच्या मेलला जोडा.

आणि गोव्यातला संगतचा अभ्यास वाचाच, लॅन्सेटमध्ये २०१७ ला आला. १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, भरपूर पिणारे ३७७ पुरुष. डॉक्टर नाहीत, सायकॉलॉजिस्ट नाहीत, ट्रेनिंग दिलेले साधे समुपदेशक, मोजक्या बैठका. तीन महिन्यांनी धोक्याच्या रेषेखाली आलेले ३६ टक्के, आणि ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात २६. काही लोकांना हा फरक किरकोळ वाटतो. मला नाही वाटत, पण तुम्ही वाचून भांडा.

आमच्याकडून फक्त डेटा एंट्री करून घेतायत, काय करू?

माझ्याही एका उन्हाळ्यात चार आठवडे नुसते जुने केसपेपर एक्सेलमध्ये चढवले, गाइड भेटले दोनदा, त्यातलं एकदा लिफ्टमध्ये. राग येतो. पण पाचव्या आठवड्यात मीच विचारलं की यातला एक छोटा प्रश्न मी स्वतः बघू का, किती जण दुसऱ्या व्हिजिटला येतच नाहीत, आणि ते हो म्हणाले. विचारल्याशिवाय कोणी देत नाही. पेपरमध्ये नाव मात्र दोन महिन्यांच्या कामावर येईल अशी आशा धरू नका, सर्टिफिकेट आणि शिफारसपत्र मागून घ्या. ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंग) क्रेडिट हवे असतील तर कॉलेजला सुरुवातीलाच विचारा, नंतर नाही.

मुलींसाठी सेफ आहे का?

वॉर्डात असतं, स्टाफ असतो. वस्तीत सर्व्हेला मात्र जोडीनेच जायचं, संध्याकाळी सातनंतर नाही, आणि गुत्त्याच्या दारात उभं राहून प्रश्नावली भरायची नाही. हे मुलांनाही लागू.

मी स्वतः कधीतरी घेतो, चालेल का?

कोणी विचारत नाही. कामावर येताना घेऊन यायचं नाही, एवढं तरी. तसा कायद्याने महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकीला २५ वय लागतं, हे तुम्हाला माहीत असेलच असं मी धरून चालते.

आमच्या घरातच पप्पा पितात. मी या विषयात जाऊ का? आईला काय सांगू?

हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारत नाही, रात्री अकरानंतर पर्सनलवर येतो. आणि किती येतो!

जा, हवं तर. या क्षेत्रात घरातूनच आलेले बरेच आहेत. पण पहिला उन्हाळा वॉर्डात नको, लॅब किंवा डेटा घ्या. समोरच्या पेशंटच्या जागी पप्पा दिसायला लागले की तुम्ही त्याचं ऐकत नाही, त्याच्याशी मनातल्या मनात भांडत बसता. गाइडला सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय, मी सांगितलं असतं. आणि घरी जाऊन पप्पांचं ऑडिट भरायचं नाही, मी केलं होतं, जेवणाचं ताट तसंच राहिलं त्या दिवशी.

लोकलच्या डब्यात "न सांगता दारू सोडवा" अशी स्टिकर असतात ना, त्या पावडरी आमटीत कालवायच्या फंदात आईला पडू देऊ नका. दारू सोडवायचं डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे, ते ॲसिटाल्डिहाइड पुढे फोडू देत नाही, वर दारू घेतली की छाती धडधडते, उलट्या होतात, कधी जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरच्या देखरेखीत आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करणंही धोक्याचं. सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६. आईला इंटर्नशिपबद्दल "हॉस्पिटलमध्ये प्रोजेक्ट" एवढं सांगितलं तरी पुरतं. माझ्या आजीला अजून वाटतं मी शुगरवर काम करते.

इंटर्नशिप संपल्यावर पेशंट बाहेर भेटला तर?

नियम सोपा आहे, आपण ओळख दाखवायची नाही. त्याच्याबरोबर बायको असेल, दोस्त असेल, त्याने कुठे काय सांगितलंय आपल्याला माहीत नसतं. त्याने हाक मारली तर बोलायचं, नाहीतर आपण फलाटावरचा इंडिकेटर बघायचा. मी ठाण्याला नऊ नंबरवर पनवेल गाडीची वाट बघत होते तेव्हा ते क्वार्टरवाले काका दिसले, मी लगेच इंडिकेटरकडे मान वळवली. दोन मिनिटांनी बाजूलाच आवाज, "काय मॅडम, आज वही नाय आणली?"